मॉक ड्रिलमध्ये पेव्हर ब्लॉकवर जॅक खचला: शिडीच्या गाडीसाठी जागा आणि जमीन कशी पारखावी?

प्रश्न: लीडिंग फायरमन, पश्चिम महाराष्ट्रातील एक महानगरपालिका

सर्वांना नमस्कार. आमच्या दलात दोन वर्षांपूर्वी 32 मीटरची टर्नटेबल लॅडर, म्हणजे फिरत्या तबकडीवर बसवलेली शिडीची गाडी, दाखल झाली. त्याआधी आमच्याकडे फक्त पाण्याचे बंब आणि हाताने लावायच्या शिड्या होत्या, त्यामुळे ही गाडी उभी करण्याचा पिढीजात अनुभव आमच्या केंद्रात कोणाकडेच नाही. गाडी देताना कंपनीच्या माणसांनी प्रशिक्षण दिले, पण ते केंद्राच्या काँक्रीटच्या मैदानावर दिले.

यंदा अग्निशमन सेवा सप्ताहात एका अकरा मजली सोसायटीत आम्ही मॉक ड्रिल घेतले. इमारतीसमोरच्या पेव्हर ब्लॉकच्या मोकळ्या जागेत गाडी लावली, गाडीला आधार देणारे चारही जॅक टेकवले आणि पॅनेलवर चारही हिरवे दिवे लागलेले पाहूनच शिडी उचलली. शिडीच्या टोकावरच्या पिंजऱ्यात दोन जवान होते. शिडी उजवीकडे वळून बरीच बाहेर गेल्यावर मी योगायोगाने मागच्या उजव्या जॅकपाशी उभा होतो. पेव्हरच्या सांध्यांमधली बारीक वाळू दाण्यादाण्याने वर येताना मला दिसली आणि जॅकच्या थाळीशेजारच्या ब्लॉकची एक कड उचलली गेली. पॅनेलवरचा दिवा तेव्हाही हिरवाच होता. मी ओरडलो, यंत्रचालकाने शिडी आत घेतली आणि दोघेही सुखरूप खाली आले. जॅक उचलल्यावर तिथे चार बोटे खोल खड्डा दिसला. सोसायटीच्या वॉचमनने नंतर सांगितले की, गेल्या वर्षी त्याच ठिकाणी पाइपलाइनसाठी चर खणून माती भरली होती आणि वरून पेव्हर पुन्हा बसवले होते.

त्या दिवसापासून माझ्या मनाला स्वस्थता नाही. ड्रिलमध्ये आमच्या हाताशी वेळ होता, खऱ्या वर्दीत, म्हणजे आगीचा निरोप आल्यावर, तो नसेल. वरून सारखी दिसणारी जमीन आतून कशी आहे हे घटनास्थळी दोन-चार मिनिटांत कसे ओळखावे? आमचा बंब आधी पोहोचतो आणि नेमका इमारतीच्या तोंडाशी उभा राहतो, मग शिडीची गाडी कोठे घ्यावी? आणि गल्ली अरुंद असल्यामुळे एका बाजूचे जॅक पूर्ण बाहेर काढता येत नसतील, तर शिडी वापरावी की नाही? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर 1: निवृत्त सब ऑफिसर

तुम्ही जॅकपाशी उभे होता म्हणून हे वेळेत दिसले. तो योगायोग होता असे तुम्ही लिहिले आहे. यापुढे ते काम एका माणसाला नावानिशी नेमून द्या. शिडी हवेत आहे तोपर्यंत त्याने वर पाहायचे नाही, चारही जॅकभोवती फिरत राहायचे. आग आणि पिंजरा सोडून जमिनीकडे बघत राहणे जवानाला फार जड जाते, हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. म्हणून हे काम सर्वांत नवख्या मुलाला न देता ज्याची नजर पक्की आहे अशाला द्यावे.

पॅनेलवरचा हिरवा दिवा फक्त एवढेच सांगतो की, जॅक टेकला आहे आणि त्याच्यावर भार आला आहे. खाली मुरूम आहे, चर आहे की पाण्याच्या टाकीचा स्लॅब आहे, हे त्या दिव्याला कळत नाही. यंत्रणा भार मोजून शिडीला पुढे जाण्यापासून रोखते हे खरे, पण ती सगळी गणिते खालची जमीन टणक आहे असे धरूनच केलेली असतात.

जमीन वाचण्याच्या काही खुणा सांगतो. दोन चेंबरची झाकणे एका रेषेत दिसली की त्यांच्यामधून पाइप गेला आहे असे समजावे आणि त्या रेषेवर जॅक टेकवू नये. डांबराचा एखादा पट्टा शेजारच्या डांबरापेक्षा काळा किंवा खरबरीत दिसला, तर तेथे अलीकडे खोदकाम झालेले असते. पेव्हरची एखादी ओळ हलकीशी लाटेसारखी झाली असेल, पावसाचे पाणी एकाच ठिकाणी साचल्याचा मळकट डाग असेल किंवा झाडाच्या मुळांनी फरशी उचललेली असेल, तर ती जागा सोडावी. गटारावरच्या ढाप्यावर तर कधीही जॅक ठेवू नये, मग तो ढापा कितीही जाड वाटो. आमच्या गाडीत एक पहार कायम असे. जेथे जॅक येणार तेथे तिचे टोक दोन-तीनदा जोरात आपटायचे. भरीव जमिनीवर पहार उडते आणि आवाज कोरडा येतो, पोकळीवर आवाज घुमतो. या परीक्षेने खोलवरचे सगळे कळत नाही, पण अर्ध्या मिनिटात जेवढे कळते तेवढे फुकट सोडू नये.

चर किंवा उघडे गटार जवळ असेल, तर जॅक त्याच्या कडेपासून निदान चराच्या खोलीइतका लांब ठेवावा आणि माती भरावाची असेल तर त्याच्या दुप्पट. क्रेनवाले हाच ठोकताळा वापरतात.

तुमच्या चार बोटे खड्ड्याची गंमत वाटू देऊ नका. दोन बाजूंच्या जॅकमध्ये साडेचार मीटर अंतर आहे असे धरले आणि एका बाजूचा जॅक फक्त 5 सेंटीमीटर खचला, तर 30 मीटर उंचीवरचे शिडीचे टोक सुमारे 33 सेंटीमीटर बाजूला जाते. पिंजऱ्यातला जवान तेवढ्यात खिडकीपासून हातभर दूर जातो आणि भार त्याच खचणाऱ्या जॅकवर आणखी वाढतो. खचणे असे स्वतःलाच खतपाणी घालते, म्हणून पहिला सेंटीमीटर दिसताच शिडी आत घ्यावी.

आणखी एक गोष्ट फार कमी लोक लक्षात घेतात. आग विझवायला आपण मारलेले पाणी इमारतीवरून खाली येते आणि नेमके गाडीखालून वाहत जाते. सुरुवातीला टणक असलेली माती अर्ध्या तासाने तशीच राहील असे नाही. जॅकभोवती पाणी साचत असेल, तर फावड्याने वाट काढून ते दुसरीकडे वळवावे.

उत्तर 2: स्थापत्य अभियंता (बांधकाम संरचना)

मी अग्निशमन दलात नाही, पण सोसायट्यांच्या मोकळ्या जागेखाली काय असते हे माझ्या रोजच्या कामाचे आहे, म्हणून लिहितो.

आधी दाबाचे साधे गणित पाहू. गाडीचे वजन 18 टन धरा. शिडी एका कोपऱ्याच्या दिशेने बाहेर गेली की त्या एकट्या जॅकवर 8 टन भार सहज येतो. जॅकची थाळी 40 सेंटीमीटर बाजूची चौरस असेल, तर क्षेत्रफळ 0.16 चौरस मीटर होते आणि जमिनीवरचा दाब चौरस मीटरला 50 टन होतो. जुना, नीट दबलेला, कोरडा मुरूम याच्या आसपासचा दाब सोसू शकतो, परंतु चरात भरलेली ओली माती किंवा पावसाळ्यातील काळी माती 10 टनही धड पेलत नाही. तेच 8 टन 90 सेंटीमीटर बाजूच्या तक्त्यावर पसरले, तर दाब 10 टनांच्या किंचित खाली येतो. म्हणजे थाळीखाली मोठा तक्ता देणे ही नुसती औपचारिकता नाही, त्याने दाब पाचपट कमी होतो. तक्ता मात्र वाकता कामा नये. पातळ प्लायवुड मध्यभागी खचते, कडा वर उचलल्या जातात आणि सगळा दाब पुन्हा थाळीखालीच गोळा होतो. जाड सागवानी किंवा साल लाकडाचे स्लीपर जवळजवळ मांडून त्यांच्यावर दुसरा थर आडवा टाकला, तर भार खरोखर पसरतो.

रोज पाण्याचा टँकर त्याच जागेवरून जातो, म्हणून ती मजबूत असणार, असा युक्तिवाद सोसायटीची मंडळी नेहमी करतात. तो चुकीचा आहे. टँकरचे वजन सहा किंवा दहा चाकांवर विभागलेले असते आणि तो पुढे निघून जातो. शिडीच्या गाडीचा भार एका थाळीवर एकवटतो आणि तासन्‌तास तेथेच राहतो.

मला सर्वांत जास्त काळजी जमिनीखालच्या टाक्यांची आणि पोडियमची, म्हणजे तळघरावरच्या मोकळ्या स्लॅबची, वाटते. बहुतेक सोसायट्यांत पिण्याच्या आणि आगीच्या पाण्याच्या टाक्या नेमक्या समोरच्या मोकळ्या जागेत, म्हणजे जेथे तुम्हाला शिडी लावायची असते तेथेच असतात आणि वरून पेव्हर बसवल्यामुळे त्या दिसत नाहीत. राष्ट्रीय इमारत संहिता 2016 प्रमाणे उंच इमारतीभोवतीचा गाडीचा मार्ग किमान 6 मीटर रुंद आणि 45 टनांपर्यंतची अग्निशमन गाडी पेलेल असा कठीण असावा लागतो. नव्या इमारतींचे पोडियम याच अपेक्षेने संकल्पित करतात. परंतु जुन्या इमारतीत टाकीचा स्लॅब माणसांच्या आणि मोटारींच्या वजनापुरताच धरलेला असू शकतो. शिवाय 45 टन हे संपूर्ण गाडीचे वजन आहे. एका थाळीचा भार स्लॅबला भोक पाडू शकेल का, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो त्या इमारतीच्या संरचना अभियंत्यालाच विचारला पाहिजे.

स्लॅबवर गाडी लावण्यावाचून गत्यंतरच नसेल, तर जॅक दोन तुळयांच्या मधल्या पोकळ भागावर न ठेवता तुळईवर किंवा खांबाच्या डोक्यावर येईल असा प्रयत्न करावा. वरून तुळई दिसत नाही, पण तळघरात उतरून खांबांच्या रांगा पाहिल्या की अंदाज येतो. हे आगीच्या रात्री होणार नाही. आधी एका दुपारी जाऊन वर रंगाने खुणा करून ठेवाव्या लागतील.

उत्तर 3: यंत्रचालक, शिडीवर 14 वर्षे

साहेबांनी आणि अभियंत्यांनी जमिनीविषयी लिहिले ते तंतोतंत पटले. मी जागेविषयी आणि क्रमाविषयी लिहितो.

गाडी कोठे उभी करायची असा विचार करू नका, टर्नटेबलचा मध्य कोठे आणायचा असा विचार करा. मी पोहोचताच एक जवान उतरून त्या जागी जाऊन उभा राहतो आणि मी गाडी अशी घेतो की टर्नटेबल त्याच्या जागेवर यावे. 30 मीटर लांबीची शिडी भिंतीपासून 8 मीटरवर लावली, तर सुमारे 29 मीटर उंची गाठता येते, 15 मीटरवरून 26 मीटर आणि 20 मीटरवरून जेमतेम 22 मीटर. तीन मीटरचा एक मजला धरला, तर बंबामुळे बारा मीटर मागे सरकण्याची किंमत दोन मजले आहे. शिवाय इतक्या अंतरावर पिंजऱ्यात किती माणसे घ्यायची परवानगी आहे ते गाडीच्या भार-तक्त्यावर (किती अंतरावर किती भार चालतो त्या कोष्टकावर) पाहावे लागते आणि ती संख्या झपाट्याने कमी होते.

म्हणून बंबाचा प्रश्न वर्दीवर सुटत नाही, तो केंद्रात सोडवावा लागतो. आमच्याकडे ठरलेले आहे की उंच इमारतीच्या वर्दीवर पहिला बंब इमारतीचे तोंड ओलांडून पुढे जाऊन थांबेल. होज लांबवता येतो, शिडी लांबवता येत नाही. पाण्याचे टँकर, रुग्णवाहिका आणि अधिकाऱ्यांच्या जीपही मागेच थांबवाव्या लागतात. जीपचालकांना हे सांगायला मला सर्वांत जास्त त्रास झाला आहे.

एकदा जॅक टेकले की जागा बदलणे म्हणजे सगळे पुन्हा पहिल्यापासून करणे, म्हणून एकाच जागेवरून जास्तीत जास्त खिडक्या आणि गच्चीची कड गाठता येईल अशी जागा निवडावी. 22 जुलै 2019 रोजी मुंबईत वांद्र्याच्या एमटीएनएल इमारतीला आग लागली तेव्हा धुरामुळे लोक गच्चीवर गेले होते आणि 80 हून अधिक जणांची सुटका करण्यात आली. त्यांतल्या अनेकांना शिड्यांनी खाली आणले. ती दृश्ये मी आजही आमच्या नव्या मुलांना दाखवतो. शिडी किती वेळ एकाच जागी उभी राहून फेऱ्या मारते ते त्यांनी पाहावे, मग जॅकखालच्या जमिनीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

आता क्रम. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक, पीटीओ (इंजिनची ताकद शिडीच्या यंत्रणेला देणारी जोडणी), मग चाकांना पुढून आणि मागून ठोकळे. त्यानंतर गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारून आणि वर पाहून मगच आऊटरिगर (जॅक बाजूला नेणारे आडवे हात) बाहेर काढावेत, कारण अंधारात आऊटरिगरच्या वाटेत माणूस उभा असणे ही अगदी घडणारी गोष्ट आहे. थाळीखाली तक्ते आधी मांडावेत आणि जॅक त्यांच्या बरोबर मध्यावर उतरवावेत, कडेवर उतरले तर तक्ता उलटतो. चाके जमिनीला टेकलेली ठेवायची की उचलायची हे गाडीगणिक वेगळे असते, त्यासाठी आपल्याच गाडीची पुस्तिका पाहावी. समतलाचा बुडबुडा मध्ये आल्यावर, ज्या गाडीला जॅक जागीच अडकवणाऱ्या खिळी असतात तेथे त्या घालून मग शिडीला हात लावावा.

उतारावर एवढे लक्षात ठेवावे की शिडी उताराच्या खालच्या बाजूला वळवली की तिचे वजन आणखी बाहेर पडते. चढाच्या बाजूने काम होत असेल, तर तसेच करावे. पुस्तिकेत दिलेल्या अंशांपेक्षा उतार जास्त असेल, तर ठोकळे रचून गाडी समतल करण्याची हुशारी करू नये, दुसरी जागा शोधावी.

अरुंद गल्लीविषयी तुम्ही विचारले आहे. एका बाजूचे जॅक पूर्ण बाहेर निघत नसतील, तरी शिडी वापरता येते, मात्र ती पूर्ण उघडलेल्या बाजूलाच फिरवावी. म्हणून गाडी गल्लीत घेतानाच पूर्ण उघडणारी बाजू इमारतीकडे येईल असे पाहावे. नव्या गाड्यांत अर्धवट उघडलेल्या बाजूला शिडी जाऊ न देणारा अटकाव असतो. तो अटकाव चावीने बंद करून शिडी नेण्याचा मोह वरून माणूस हात करत असताना फार होतो, आणि तेव्हाच तो आवरावा लागतो. शिडी कलंडली, तर वर हात करणारा, पिंजऱ्यातले दोघे आणि खाली उभे असलेले सगळेच जातात.

शिडी एका बाजूला झुकलेली असताना मी विरुद्ध बाजूच्या जॅककडे मुद्दाम पाहतो. तिकडचा तक्ता बुटाने ढकलल्यावर सरकला, तर त्या जॅकवरचा भार जवळजवळ संपला आहे असे समजावे आणि पुढे एक इंचही जाऊ नये.

तारांचे वेगळे सांगायला नको, तरी सांगतो. महावितरणच्या उघड्या तारा असतील, तर 11 केव्हीच्या तारेपासून आम्ही किमान तीन मीटर दूर राहतो आणि वीज बंद केल्याचा निरोप मिळेपर्यंत शिडी त्या बाजूला नेत नाही. शिडी तारेला लागलीच, तर खालच्या माणसाने गाडीला हात लावायचा नाही. वाऱ्याची मर्यादा भारतक्त्यावर असते, आमच्या शिडीची 12.5 मीटर प्रति सेकंद आहे, म्हणजे ताशी 45 किलोमीटर.

वरून पाण्याचा मारा करताना जेटचा मागचा धक्का विसरू नये. 32 मिलिमीटर नोझलमधून 7 बारने पाणी मारले, तर मिनिटाला सुमारे 1,800 लिटर पाणी जाते आणि टोकावर साधारण 115 किलोचा धक्का मागे बसतो, म्हणजे एक धिप्पाड माणूस शिडीच्या टोकाला ढकलत उभा असल्यासारखे. पाणी एकदम सोडू किंवा एकदम बंद करू नये, आणि शक्य तो जेट शिडीच्या रेषेत ठेवावा, आडवा मारू नये.

उत्तर 4: न्यू जर्सी, स्वयंसेवी अग्निशमन दल

मी मूळचा नाशिकचा, आता अमेरिकेत नोकरी सांभाळून आमच्या गावच्या स्वयंसेवी दलात काम करतो. वरचे उत्तर वाचून बरे वाटले, कारण आमच्याकडेही इमारतीचे तोंड शिडीच्या गाडीसाठी मोकळे सोडण्याचा दंडक पहिल्याच आठवड्यात शिकवतात. त्यात एक भर घालतो. आग भडकलेली असेल आणि भिंत कोसळण्याची शक्यता असेल, तर इमारतीच्या उंचीच्या दीडपट अंतर धोक्याचे मानतात. तेवढे मागे जाता येत नसेल, तर कोपऱ्यासमोरची जागा घेतात, कारण भिंत कोपऱ्याकडे सहसा सरळ बाहेर पडत नाही आणि तेथून इमारतीच्या दोन बाजूही हाताशी येतात.

येथील मानकाप्रमाणे शिडीने समतल जमिनीवर ठरलेल्या भाराच्या दीडपट आणि 5 अंश उतारावर 1.33 पट भार स्थिर राहून पेलला पाहिजे. म्हणजे उतारावर आपल्या हातची गंगाजळी लगेच कमी होते. ती गंगाजळी जमिनीच्या खचण्यासाठी दिलेली नाही, हे आमचे कॅप्टन वारंवार बजावतात.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले त्याबद्दल मनापासून आभार. दीड महिन्यात आम्ही काय केले ते कळवतो.

आमच्या हद्दीतील आठ मजल्यांवरच्या इमारतींची यादी काढून आम्ही रोज दुपारी एक अशी पायी पाहणी सुरू केली आहे. सोबत पहार, मोजपट्टी आणि पिवळा रंग असतो. जेथे टर्नटेबलचा मध्य यावा तेथे वर्तुळ आणि जेथे जॅक नको तेथे फुली, अशी खूण ठरवली आहे. नकाशाची एक प्रत नियंत्रण कक्षात आणि दुसरी गाडीच्या केबिनमध्ये ठेवतो. पहिला बंब पुढे नेऊन थांबवण्याचा लेखी आदेश आमच्या स्टेशन ऑफिसर साहेबांनी काढला आहे.

लाकडाच्या वखारीतून साल लाकडाचे जाड स्लीपर आणून दोन थरांचे, 90 सेंटीमीटर बाजूचे चार तक्ते करून घेतले. दोन माणसांशिवाय एक तक्ता उचलत नाही, म्हणून प्रत्येकाला दोन्ही बाजूंना दोराच्या मुठी लावल्या आणि गाडीच्या बाजूच्या कप्प्यात ते बसतील अशी जागा केली.

मागच्या रविवारी त्याच सोसायटीत पुन्हा ड्रिल घेतले. चराची रेषा सोडून गाडी साडेचार मीटर डावीकडे घेतली. जॅकपाशी नेमलेल्या जवानाने तक्त्याच्या कडेला खडूची रेघ मारून ठेवली होती आणि दर पाच मिनिटांनी तो ती रेघ पाहत होता. चाळीस मिनिटे शिडी उभी होती, मुद्दाम पाणीही सोडले, रेघ हलली नाही.

एका जुन्या इमारतीच्या समोर मात्र टाकी नेमकी कोठवर पसरली आहे याचा नकाशा सोसायटीला सापडत नाही. टाकीची झाकणे मोजून अंदाज बांधता येईल असे काहीजणांचे म्हणणे होते, पण मी ते मान्य केले नाही. ती संपूर्ण जागा तूर्त पिवळ्या फुल्यांनी भरून टाकली आहे आणि त्या इमारतीसाठी शिडी मागच्या रस्त्यावरून लावायची असे ठरवले आहे. त्या बाजूने फक्त सहाव्या मजल्यापर्यंत पोहोचता येते, हे तेथील रहिवाशांना सभेत सांगितले. त्यांच्या सचिवांनी संरचना अभियंत्याला पुढच्या आठवड्यात बोलावले आहे.